बंड्यास, टाचेबद्दल

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि. राहू दे, आधी टाच कशी आहे ते सांग. फोनवर म्हणालास, सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली चार पावलं भिंत धरून टाकावी लागतात, मग बरं वाटतं. अरे, हे माझंच गेल्या पावसाळ्यातलं दुखणं. आणि तुझा उपायही माझाच निघाला: ‘मऊ, गादीसारखी चप्पल मागवतोय.’ म्हणून घाईनं लिहायला बसलो. मागवू नकोस, लेका.

मीही दुकानात अंगठ्यानं दाबून पाहिली होती. अंगठा पार आत गेला, खूश होऊन घेतली. पंधरा दिवस सुखात गेले. दोन महिन्यांत टाचेखालचा भाग चेपून पापड झाला, चप्पल आतल्या बाजूला कलली आणि पाऊलही तिच्यासोबत. डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठा रोवून विचारलं, ‘इथंच ना?’ मी नुसता ओरडलो. प्लांटर फॅशिआयटिस. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. रात्रभर तो आखडून राहतो आणि सकाळी उभं राहिलं की एकदम ताणला जातो. त्याला गादी नको, टेकू हवा. कमानीखाली थोडा उंचवटा, टाच किंचित वर, मागून घट्ट पकड.

तेव्हापासून दुकानात बूट आधी पिळून बघतो, ओला टॉवेल पिळावा तसा. सहज पिळला गेला की परत फळीवर. मग टोक आणि टाच धरून वाकवतो. चवड्याशी वाकला तर ठीक, मधोमध मोडला तर नको. दुकानदाराच्या तोंडाकडं मात्र बघायचं नाही.

दुसरी भानगड रुंदीची. वर्तमानपत्रावर उभा राहा आणि पोराकडून पावलाची कड पेन्सिलनं आखून घे. बसून नको, वजन पडल्यावर पाऊल पसरतं. त्यावर हल्लीचा बूट ठेव. माझा चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता! आठ नंबर आवळतो म्हणून मी जन्मभर नऊ घेत आलो. एका नंबरानं लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते, म्हणजे पाऊल आत पुढं घसरणारच. आपले नंबर पडले इंग्लंडचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखावर लोकांची पावलं मोजली, तेव्हा आपली पावलं रुंद निघाली. त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापं सुचवलीयत. तोवर आपली पेन्सिल.

आता कडू बोलतो. तुझी ती करकर वाजणारी कापशी कोल्हापुरी चप्पल लग्नाकार्याला दोन तास घाल, रोज नको. तळ सपाट आणि कडक, शिवाय तेल पिऊन मऊ होईपर्यंत अंगठ्याला फोड ठरलेलाच. कॉलेजात आपण तो मिरवायचो. पण आता तुझ्या मधुमेहानं तळव्याची जाणीव बोथट झाली, तर तुला फोड कळणारही नाही. तुला मागं पट्टा असलेली, एमसीआरच्या तळाची चप्पल बरी. ते बारीक छिद्रांचं रबर आपल्याकडं कुष्ठरुग्णांच्या चपलांना वापरत आलेत, कारण त्यांनाही तळव्याची जखम कळत नाही. दिसायला अगदी सरकारी, मान्य. घालण्याआधी आत हात फिरवत जा, खडा असतो. रात्री पाय धुतलेस की तळवा आरशात बघ.

आणि फरशीवर अनवाणी फिरणं बंद. वहिनींना सांग, घरातली जोडी वेगळी, ती उंबरा ओलांडणार नाही. आमच्या आईनं आठवडाभर अबोला धरला होता. आता तीच ती जोडी स्वयंपाकघराच्या दाराशी सरळ लावून ठेवते, अर्थात बाहेरच.

तोवर पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं अंगाकडं ओढत जा.

शनिवारी लग्नाला येशील तेव्हा लक्ष्मी रोडला जाऊ, पण संध्याकाळी सहानंतर. दिवसभरात पाय थोडे सुजतात, खरं माप तेव्हाच मिळतं. रोजचे मोजे घालून ये, फक्त न फाटलेले. मागच्या वेळी मोज्यातून बाहेर आलेला तुझा अंगठा त्या दुकानातल्या पोऱ्याला अजून आठवत असेल.

तुझा,
लंगडा (माजी)