दादाच्या रात्रीच्या ब्रशबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलणं होत नाही. आईचे डोळे भरतात आणि बाबा "बघू नंतर" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहिते आहे. १ तारखेपासून रोज रात्री साडेआठला एक मदतनीस आपल्याकडे येईल. दादाला नीट बसवायचं, तोंड स्वच्छ करायचं, अर्ध्या तासानं झोपवायचं, एवढंच त्याचं काम. महिन्याचे पैसे मी देऊन ठेवलेत. आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर आई "मी आहे ना" म्हणाली असती. आई, तुझा उजवा खांदा वर जात नाही, हे तू लपवलंस तरी मला कळलंय. सकाळचं तोंड धुणं तुझ्याच हातचं राहील, भरवणंही तुझंच. दादाची खिडकीजवळची जागा, रेडिओ, गोधडी, काही हलणार नाही.

दादाला वर्षात तीनदा न्यूमोनिया झाला. तिन्ही वेळा आपण गारठ्याला आणि आईच्या ताकाला दोष दिला. आई, ताकाचा काही संबंध नव्हता. झोपेत थोडी लाळ आपल्यापैकी पुष्कळांच्या श्वासनलिकेत उतरते; निरोगी माणसाची छाती आणि खोकला ती बाहेर टाकतात. दादाच्या गिळण्याच्या स्नायूंचा मेळ बसत नाही, खोकला दुबळा आहे, आणि पुष्कळदा त्याला ठसकाही लागत नाही. दातांवरच्या पांढऱ्या चिकट थरात जंतू असतात, ते लाळेबरोबर छातीत जातात. रात्री लाळ कमी सुटते, गिळणंही मंदावतं, म्हणून झोपण्याआधीचा ब्रश सगळ्यात महत्त्वाचा. आणि आजवर तोच राहून जायचा, कारण तोवर तुम्ही दोघं थकलेले असता.

बाबांना आकडा लागतो. जपानमधल्या नर्सिंग होममधल्या वृद्धांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. दोन वर्षांत, तोंडाची नियमित निगा न राखलेल्यांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. जेवणानंतर दात घासून दिलेल्यांपैकी ११ टक्क्यांना. ती माणसं दादासारखी नव्हती, पण जंतू छातीत उतरायची वाट तीच.

आता कसं करायचं ते नीट वाचा, कारण मदतनीस सुट्टीवर असेल तेव्हा तुम्हालाच करायचंय. दादाला पाठीशी तक्क्या देऊन ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे. मान मागे कलली की तोंडातलं सगळं सरळ घशात जातं. बसवणं जमलंच नाही तर कुशीवर वळवा. उताणा असताना कधीच नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, ओला करून झटका. फ्लोराइडची, फेस कमी होणारी पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी, जास्त नको. समोर उभं न राहता बाजूला बसा, नाहीतर तो वर बघतो आणि मान मागे जाते. आधी खांद्याला हात लावा, मग गालाला, मग ओठांना; एकदम तोंडात ब्रश घातला की तो जबडा घट्ट मिटणारच. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरके टेकवा आणि हलके घासा. जिभेवरून मागून पुढे, पण फार मागे नको. चूळ भरायला लावू नका, फेस ओल्या गॉजनं टिपून घ्या. त्यानं ब्रश चावला तर ओढू नका. थांबा, गाल हळू चोळा, जबडा आपोआप सैल होतो. आणि आई, दातांच्या मध्ये बोट घालायचं नाही. त्याच्या हातात नसतं ते, पण तुझं बोट तुटेल.

रक्त दिसलं की तू हात काढून घेतेस, माहीत आहे मला. हिरड्या सुजल्यात म्हणून रक्त येतं, आणि घासणं थांबलं की सूज आणखी वाढते. हलक्या हातानं रोज करत राहा. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर दंतवैद्यांना दाखवू. त्याच्या आकडीच्या फेनिटॉइनमुळेही हिरड्या फुगतात. म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही बरं का, आकडी उलटेल. दुसरं औषध चालेल का, ते मी डॉक्टरांना विचारते. गोड सिरप दिल्यावर दात ओल्या गॉजनं पुसा.

हसल्यावर त्याच्या उजव्या गालाला खळी पडते ना, लहानपणी मी तिच्यात बोट खुपसायचे, त्याच गालात आतून भात साठतो. जेवण झालं की टॉर्च लावून तिथे बघायचंच. जेवल्यावर अर्धा तास बसलेलाच राहू दे, मग आडवा.

शांत पडलेला असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि बाबांनी वहीत लिहा, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा हाताशी राहील. श्वास २५ च्या वर गेले, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली आला, आवाज ओला-घरघरीत झाला किंवा त्यानं घासाला तोंड फिरवलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप यायची वाट बघू नका; कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. कपाटातलं उरलेलं अँटिबायोटिक नाही. खोकला दाबायचं औषध तर अजिबात नाही. खोकला हीच त्याची ढाल आहे.

बाबा, आता तुमचं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्याच्या डबीत ठेवायची. कवळी घालून झोपणाऱ्या वयस्कर माणसांना न्यूमोनिया जास्त होतो, म्हणून हे तुमच्यासाठीही. आणि तुम्हा तिघांनाही यंदा फ्लूची लस घ्यायचीच आहे, न्यूमोनियाच्या लशीचंही डॉक्टरांना विचारते.

तुम्ही काही कमी केलं म्हणून मी हे ठरवलं नाही. अडतीस वर्षं त्याला तुमच्या हातांनीच जगवलंय. मदतनीस मुलाला पहिल्या दिवशी चहा द्या, आणि दादाला आधी त्याचा आवाज ऐकू द्या, मग ब्रश. ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट किती, ते बाबा दाखवतील.

तुमची,
धाकटी