‘बरं आहे’ ऐकून फोन ठेवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरोनामुळे महाराष्ट्रात लागलेले ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आता १ जून २०२१पर्यंत वाढले आहेत. किराणा, भाजी, दूध सकाळी ७ ते ११ याच वेळेत. बाहेरगावची आणि परदेशातली मुलं रोज आईवडिलांना फोन करतात, ‘बाहेर पडू नका’ असं बजावतात आणि ‘बरं आहे’ ऐकून निश्चिंत होतात. ज्येष्ठ नागरिक संघांकडे येणाऱ्या तक्रारी पाहिल्या तर खरी अडचण त्या ‘बरं आहे’च्या आतच दडलेली असते.

औषधांचंच घ्या. ‘गोळ्या आहेत ना?’ या प्रश्नाला ‘आहेत’ असंच उत्तर मिळणार. त्याऐवजी फोन चालू असतानाच डबा उघडायला लावा आणि एकेका औषधाच्या किती गोळ्या उरल्या ते मोजून घ्या. थायरॉइडची बाटली महिनोन्महिने पुरते, रक्तदाबाची पट्टी १० नाहीतर १५ गोळ्यांची असते. सगळी औषधं एकाच दिवशी कधीच संपत नाहीत. नेहमीच्या कंपनीचा माल नसला की दुकानदार तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देतो. नाव निराळं, रंग निराळा. मग जुन्या पट्टीतली उरलेली गोळीही घेतली जाते आणि नवीही. रक्तदाब उतरतो आणि पहाटे बाथरूमला उठताना तोल जातो. नवी पट्टी आली की तिच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि ब्रँडच्या नावासोबत लिहिलेलं मूळ औषधाचं नाव जुन्या पट्टीशी ताडून पाहा. झोपेच्या गोळ्यांकडे जास्त लक्ष हवं. अशा बऱ्याच गोळ्या डॉक्टरांना फोनवरून लिहून देता येत नाहीत, आणि वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम बंद झाली तर झोप उडते, हातपाय थरथरतात. ती संपण्याच्या पंधरवडाभर आधी कागदी चिठ्ठीची सोय करावी लागते.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. पाच मिनिटं शांत बसून, हात ऊबदार असताना, मधल्या बोटाला लावायचा. नखावर रंग किंवा मेंदी नको. आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं. इथे दोन घोटाळे नेहमी होतात. एक, नाडीचे ठोके ऑक्सिजन म्हणून सांगितले जातात. दुसरा, यंत्र उलटं धरलं जातं. त्यावरचे आकडे इंग्रजी. ९८ उलटे वाचले की ८६ दिसतात आणि अमेरिकेतला मुलगा मध्यरात्री रुग्णवाहिका शोधू लागतो. पडद्याचा फोटोच मागवावा. नीट मोजूनही आकडा ९४च्या खाली राहिला, तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

किराणा ऑनलाइन मागवणाऱ्या मुलांना वजनाचा विसर पडतो. दहा किलोची कणीक आणि पाच लिटरचा तेलाचा कॅन सोसायटीच्या फाटकावरच राहतो, कारण पोऱ्याला आत सोडत नाहीत आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत पंच्याहत्तरीच्या बाईंनी तो तिसऱ्या मजल्यावर न्यायचा कसा? स्वस्त पडतं म्हणून मोठं पाकीट घेऊ नका. एक-दोन किलोची, अर्ध्या लिटरची पाकिटं मागवा, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याशी महिन्याचं खातं ठेवा. तो दारापर्यंत पोचवतो आणि दोन दिवस आजोबांचा फोन आला नाही तर विचारपूसही करतो, जे कुठलंही ॲप करणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोबाइल क्रमांकाचा. सोयीचं म्हणून मुलं गॅस, बँक, लस, सगळीकडे स्वतःचा नंबर देऊन ठेवतात. सिलिंडरवाला दारात उभा राहून कोड मागतो, आणि कोड गेलेला असतो बंगळूरला. ‘कोविन’ या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर वेळ घेतली असेल तर मे २०२१पासून लसीकरण केंद्रावर चार अंकी कोड सांगावा लागतो. तोही नोंदवलेल्या फोनवर येतो. घरात साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, एसएमएस त्यावरही येतात. नंबर आईवडिलांचाच द्या. फक्त एक पक्कं ठरवून टाका: कोड दारातल्या किंवा केंद्रावरच्या समोर उभ्या असलेल्या माणसालाच आणि त्याच कामासाठी सांगायचा, बँकेचा ओटीपी कुणालाच नाही. केवायसी किंवा लसनोंदणीच्या नावाने फोन करून ओटीपी मागणारे भामटे सध्या जोरात आहेत.

रोख पैशांसाठी एटीएमच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. बँक खात्याला आधार जोडलेला असेल तर पोस्टमन अंगठा घेऊन घरपोच पैसे देऊ शकतो. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र दोन-तीनदा नकार देतं. हात धुऊन पुसावेत, बोट किंचित ओलसर ठेवावं, एका बोटाने जमलं नाही तर दुसरं लावून पाहावं.

प्रशासनाकडे एकच मागणी. ‘ब्रेक द चेन’च्या या निर्बंधांत जिल्ह्याबाहेर प्रवास वैद्यकीय आणीबाणी, अंत्यविधी, घरातलं गंभीर आजारपण अशा कारणांसाठीच करता येतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची देखभाल हे कारणही ई-पासच्या, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवान्याच्या, अर्जात वेगळं असावं. नाशिकच्या मुलीला पुण्यातल्या आईकडे आठवडाभर राहायला जाण्यासाठी आईला आधी गंभीर आजारी पडावं लागू नये.

आपला,
ज्येष्ठ नागरिक संघाचा एक कार्यकर्ता, पुणे
मे २०२१