लेझर कटरसाठी लाकूड: जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी लेझर कटरच्या जाहिरातींत ‘१० मिमी लाकूड सहज कापते’ असं बिनदिक्कत छापलेलं असतं. कोणतं लाकूड, किती वेगाने, किती फेऱ्यांत, याबद्दल अवाक्षर नसतं. मग लोक जाड प्लायवूड आणतात आणि कडांचा कोळसा झाला की मशीनच्या नावाने बोटं मोडतात. चूक बहुतेक वेळा जाडी निवडण्यात झालेली असते.

आधी वॉटचं बघू. डायोड मशीनच्या (छोट्या अर्धवाहक चिपमधून किरण काढणाऱ्या) खोक्यावरचा ‘४० वॉट’ हा आकडा पुष्कळदा मशीन किती वीज खेचतं त्याचा असतो. लाकडावर पडणारा प्रकाश ५ ते १० वॉटच असतो. म्हणून माहितीपत्रकात ‘ऑप्टिकल पॉवर’, म्हणजे प्रत्यक्ष किरणाची शक्ती, शोधावी. ५ वॉटला ३ मिमी हलकं प्लायवूड साधारण दोन-तीन फेऱ्यांत निघतं, १० वॉटला बहुधा एका फेरीत. २० वॉट असेल तर ५-६ मिमीला हात घालावा. ४० वॉट सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू भरलेल्या) नळीचं मशीन ३ मिमी आरामात कापतं, ६ मिमीला वेळ घेतं.

जाडी दुप्पट तर वेळ दुप्पट, हा हिशेब इथे लागू पडत नाही. किरण फोकसपाशीच सर्वांत बारीक असतो, त्याच्या वर-खाली पसरतो. खोल चिरेत धूर कोंडतो, भिंतींवर कोळसा धरतो आणि पुढची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. ३ मिमीला फोकस पृष्ठभागावर ठेवला तरी चालतं. ५-६ मिमीला तो दीड-दोन मिमी आत घ्यावा. वेग फार उतरवून एकच फेरी मारण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने दोन-तीन फेऱ्या माराव्यात, कडा कमी जळतात. एअर असिस्टशिवाय, म्हणजे चिरेवर हवेचा झोत मारून धूर हटवणाऱ्या सोयीशिवाय, जाड लाकडाच्या नादी लागूच नये.

जाडीइतकाच गोंद महत्त्वाचा. बाहेरच्या वापरासाठीच्या वॉटरप्रूफ प्लायवूडमध्ये फिनॉलिक गोंद असतो. तो लेझरला दाद देत नाही, काळा पडून तसाच राहतो. त्यामुळे ‘चांगलं, महागातलं’ म्हणून आणलेलं ३ मिमी प्लाय अडून बसतं आणि साधं इंटेरियर ग्रेडचं (घरातल्या वापराचं) सुरळीत कापलं जातं. आतल्या थरातली गाठ किंवा भरलेली फट वरून दिसत नाही. नेमका तेवढाच तुकडा सुटत नाही. एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या तक्त्यात) गाठी नसतात, पण ते घट्ट असतं, त्यामुळे त्याच जाडीला वेग कमी ठेवावा लागतो आणि धूरही बराच होतो.

छापील जाडीवर विसंबून जोडाच्या खाचा काढणं हा आणखी एक घोळ. ‘३ मिमी’ म्हणून मिळणारा तक्ता २.७ ही निघतो, ३.२ ही. व्हर्निअर कॅलिपरने चारही कोपरे मोजावेत. समजा तक्ता २.७ चा आहे आणि किरण ०.१५ मिमी लाकूड खातो. चित्रात खाच ३ मिमीची काढली तर प्रत्यक्षात ती ३.१५ होते, म्हणजे जोडात जवळजवळ अर्धा मिमी खेळ. तीच २.५५ काढली तर जोड घट्ट बसतो. तक्ता वाकलेला असला तर फोकस जागोजाग बदलतो. जाळीवर लोहचुंबकांनी दाबून धरावा.

६ मिमी जाडीचीच वस्तू हवी असेल, तर ३ मिमीचे दोन तुकडे कापून चिकटवणं कधीही सोयीचं. दोन्हींत दोन बारीक छिद्रं ठेवून काड्या घातल्या की तुकडे नेमके एकावर एक बसतात. दणकट जाड फळीच हवी असेल तर सरळ करवत घ्यावी.

नव्या तक्त्यावर कामाआधी कोपऱ्यात १० मिमीचे चौकोन वेगवेगळ्या वेगांवर कापून बघावेत. जो न ढकलता खाली पडतो, त्याच्यापेक्षा किंचित कमी वेग कामासाठी धरावा. कोपऱ्यात कापलं म्हणून मधल्या भागात कापेलच असं नाही, एवढी सवलत प्लायवूडला द्यावीच लागते.

जाडी कितीही असो, पीव्हीसीचा थर असलेला तक्ता मशीनखाली घालू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनचे लोखंडी भागही गंजवतो. आणि जाड लाकूड सावकाश कापताना पेट घ्यायचा धोका सर्वांत जास्त, तेव्हा काम चालू असताना मशीनपाशीच थांबावं.

आपला,
एक वाचक