व्हायडा ब्लूचा १९७१ चा हंगाम

प्रिय मोहन,
स. न. वि. वि.

१९७१ साली बेसबॉलमध्ये डेट्रॉइटचा पिचर (चेंडू टाकणारा) मिकी लोलिच याने २५ सामने जिंकले आणि ३०८ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तेवढ्या वेळा फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केले. मग अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार २४ विजय आणि ३०१ स्ट्राइकआउटवाल्या, ओकलंडच्या व्हायडा ब्लूला कसा मिळाला, असे तू गेल्या पत्रात काहीशा रागानेच विचारले आहेस. तुझे आकडे बरोबर आहेत; फक्त इनिंगचा (एका सामन्यात नऊ असतात) रकाना तू पाहिलेला दिसत नाहीस. लोलिचने ३७६ इनिंग टाकल्या, ब्लूने ३१२. ब्लूच्याच गतीने कोणी ३७६ इनिंग टाकल्या असत्या, तर त्याचे स्ट्राइकआउट ३६० च्या वर गेले असते. फलंदाजांना मिळालेले हिट (चेंडू टोलवून बेस गाठणे) पाहिलेस तर अंतर आणखी वाढते: लोलिचविरुद्ध ३३६, ब्लूविरुद्ध अवघे २०९, म्हणजे नऊ इनिंगमागे सहाच.

ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा, ब्लूचा १.८२ होता आणि लोलिचचा २.९२. इथे मात्र मला शिकागो व्हाइट सॉक्सचा विल्बर वुड आठवतो. तोही या दोघांसारखा डावखुरा, पण नकलबॉल (जवळजवळ न फिरता हेलकावत जाणारा चेंडू) टाकणारा आणि त्याआधी बरीच वर्षे रिलीव्हर, म्हणजे सामना सुरू असताना बदली येणारा पिचर म्हणून राबलेला. त्याने ३३४ इनिंगमध्ये १.९१ चा ईआरए राखला. ब्लूशी तुलना केली तर सबंध हंगामात फरक पडतो जेमतेम साडेतीन धावांचा! आणि तरी वुडचे विजय २२ च, कारण त्याचा संघच मुळी ७९ सामने जिंकला, तर ओकलंडने १०१ जिंकले. विजयांच्या रकान्यात संघाची फलंदाजीही मोजली जाते, म्हणून मी त्यावर फारसा विसंबत नाही.

ब्लूच्या बाजूने आणखी एक गोष्ट वयाची. हंगाम सुरू झाला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. लोलिच त्याच सप्टेंबरात ३१ चा झाला आणि वुड ऑक्टोबरात ३० चा. हंगामातला पहिला सामना वॉशिंग्टनकडून हरल्यावर या पोराने ओळीने दहा जिंकले. मतदानात त्याला ९८ गुण मिळाले आणि लोलिचला ८५, म्हणजे तुझ्यासारखा विचार करणारे तेव्हाही कमी नव्हते. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही ब्लूलाच मिळाला. माझ्या मते दोन्ही निकाल योग्यच होते.

पण लोलिचच्या त्या ३७६ इनिंगना मी नुसता भार म्हणून बाजूला सारणार नाही. ब्लूहून ६४ इनिंग जास्त, म्हणजे सात पूर्ण सामने त्याने एकट्याने अंगावर घेतले, आणि तेवढ्या वेळा बाकीच्या पिचरांना विसावा मिळाला. पुढच्या वर्षी तर त्याने पुन्हा ३२७ इनिंग टाकून २२ सामने जिंकले. ब्लूचे १९७१ चे वेतन होते १४,७५० डॉलर. त्या पराक्रमानंतर वाढ मागताना मालकाशी बिनसले, तो हंगामाच्या सुरुवातीला खेळलाच नाही, आणि १९७२ अखेर त्याच्या नावावर सहा विजय व दहा पराभव लागले. त्या वर्षाचा पुरस्कार तुझ्या माझ्या हाती असता, तर या दोघांत मी डोळे मिटून लोलिचचे नाव लिहिले असते.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर