माननीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पहिलं हाड मोडतं तेव्हाच विचारा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय ६२.

नऊ वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी होते. आई मागच्या दारी खापरावर मांडे भाजत होती. उठताना पाय अडकला, ती हातावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. "काही नही व्हयनं वं," असं म्हणत तिने डाव्या हाताने चुलीतली लाकडं मागे ओढली. दवाखान्यात प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं. हाड जुळलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. पण ७१ वर्षांच्या बाईचं हाड उभ्या जागी पडून मोडतंच कसं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. गेल्या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला.

खुब्याचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, पदरचा रुपया गेला नाही. त्यासाठी मनापासून आभार. पण ज्या बाईने जन्मभर शेतात निंदणी केली, ती आता वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत जाते. डॉक्टरांनी मला समजावलं की खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्षभरात दगावतं. त्या हिशेबाने आई नशीबवान.

नंतर मी याविषयी मिळेल ते वाचलं. हाड दगडासारखं एकदाच घडत नाही. मातीच्या घराचं सारवण जसं उकलतं आणि पुन्हा करावं लागतं, तसं हाड आतून झिजतं आणि भरतं. तिशीपर्यंत भर जास्त पडते, पुढे झीज वरचढ होते. बाईची पाळी गेली की पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. दुखत काहीच नाही. कंबर वाकली, उंची कमी झाली की आपण म्हणतो, वय झालं. पुष्कळदा आत मणका दबलेला असतो.

साहेब, आपलीच एक गोष्ट सांगते. गरोदर बाईला चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळतात, बाळंतपणानंतर सहा महिने चालू राहतात. आशाताई घरी येऊन विचारते, घेतल्या का? पोटात बाळ असताना त्या बाईच्या हाडांची काळजी सरकारला आहे. तीच बाई पन्नाशीला येते, पाळी जाते, हाडं सगळ्यात वेगाने झिजू लागतात, तेव्हा तिच्या दारात कोणी येत नाही.

आमच्या ताटाचंही सांगते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं, पाळी गेलेल्या बाईला १,२०० मिलिग्रॅम. दादर ज्वारीच्या भाकरीत ते अगदी थोडं. कळण्याच्या भाकरीत उडदामुळे जरा बरं, तरी पुरत नाही. गोठ्यात म्हैस असते, पण दूध डेअरीला जातं आणि घरधनिणीच्या वाट्याला चहापुरतं उरतं. बांधावर शेवगा असतो. शेंगा बाजारात, पाला शेळीला! त्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे. साक्री-नवापूरकडच्या नागलीतही, म्हणजे नाचणीतही, तेवढंच. तीळ तर त्याहून कितीतरी वरचढ, आणि तो आम्ही संक्रांतीला आठवतो. हे सांगायला पैसे लागत नाहीत, सांगणारं माणूस लागतं. मिसरीचंही सांगावं. तंबाखू हाडं पोखरते हे आमच्या बायांना माहीत नाही.

आणि ऊन. खान्देशात उन्हाचा तोटा नाही, तरी ड जीवनसत्त्व कमी निघतं. माझंही निघालं. सगळे सांगतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसा. मीही बसायचे. पण ज्या किरणांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होतं, ती सूर्य वर आल्यावरच जमिनीपर्यंत नीट पोहोचतात. हिवाळ्यात अकराच्या पुढे थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून बसणं उपयोगाचं. वैशाखात भुसावळ-जळगावच्या दुपारी तसं बसा असं कोणी सांगू नये, तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीच बरी. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एवढं जरी नीट लिहिलं तरी पुष्कळ.

आईच्या खुब्यानंतर मी स्वतःची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली, त्यासाठी नाशिक गाठलं. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.६ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. आता वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं सलाईन घेते. आधी मूत्रपिंड आणि कॅल्शियम तपासतात, दातांचं काम उरकायला सांगतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या औषधाने तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली होती. वर्षाला एक सलाईन, साहेब. आईला ते मनगटाच्या वेळी मिळालं असतं तर, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

म्हणून मागणी एकच, आणि ती प्लास्टरच्या खोलीतली आहे. पन्नाशीपुढचं माणूस साध्या पडण्याने हाड मोडून आलं की त्याचं नाव वहीत लिहा. प्लास्टर काढायला येईल तेव्हा हाडांची तपासणी करा आणि गरज असेल तर औषध तिथेच सुरू करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे डेक्सा आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दोन्ही मोफत आणि नेहमी हाताशी असावं. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून रोज कोण येणार? तिथे आशाताईला उंची मोजू द्या. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर घटली असेल तर ती चिठ्ठी देईल. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, वॉकर, कमोड खुर्चीसाठी ३,००० रुपये मिळतात. चांगली योजना आहे. त्याच शिबिरात हाडांविषयी चार प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागेल?

माझ्याकडे पेन्शन आहे, मी नाशिकला जाऊ शकले. आमच्या गल्लीत कापूस वेचायला जाणारी एक बाई आहे, साठीच्या आसपासची. मागच्या पावसाळ्यात बांधावरून घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं आणि दिवाळीआधी ती वेचणीला गेलीसुद्धा. तिला तपासणीला कुणी, कधी आणि कुठे बोलवायचं, तेवढं कळवा. मी स्वतः तिला घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव