रेणुका हेच नाव ठेवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बारशाला रेणुका नाव ठरलं आणि 'अर्थ धूळ होतो' म्हणून कुणीतरी मोडता घातला, असं अक्काकडून कळलं. बोलणारा अर्धंच बोलला. रेणु म्हणजे धूळ खरंच, पण फुलातला परागही रेणुच, आणि पुढे 'का' लागला की ते इवलंसं, लाडकं होतं. भागवतात तर साधा हिशेब आहे: रेणु राजाची लेक ती रेणुका. (महाभारतात तिच्या बापाचं नाव प्रसेनजित.) जमदग्नीची बायको, परशुरामाची आई, म्हणजेच आपली सौंदत्तीची यल्लम्मा. कन्नडात एल्ल म्हणजे सगळे, अम्म म्हणजे आई. कन्नडात शब्दाच्या सुरुवातीचा ए बोलताना 'ये'सारखा ऐकू येतो, म्हणून आपण 'य' म्हणतो. तिथल्या मलप्रभेच्या धरणाचं पाणी रेणुकासागर. त्याला धुळीचा सागर कुणी म्हणत नाही.

खरी काळजी जन्मदाखल्याची. कर्नाटकात तो कन्नड आणि इंग्रजीत निघतो, मराठीत नाही. कन्नडात ए दोन, आखूड आणि लांब. 'रे'ला एकाराची खूण देऊन उजवीकडे दीर्घाची वेगळी शेपटी लागते. ती राहिली की 'रे' आखूड होतो. शेवटच्या 'क'चा कानाही बघा. कान्याशिवाय उरतं रेणुक, आणि ते आपल्याकडे पुरुषाचं नाव. वीरशैवांचे रेणुकाचार्य त्यातलेच. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, त्यामुळे चूक तिथे दिसतच नाही, पुढे शाळेच्या कन्नड रजिस्टरात उगवते.

जन्माची नोंद झालीय, नावाची जागा तेवढी मोकळी आहे. नोंदीपासून 12 महिन्यांत नाव घालायला फी नाही. त्यानंतर उशिराची फी भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं, पण थांबू नका: 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. नोंद जिथे झाली त्याच कचेरीत जायचं. नाव तोंडी सांगू नका, कागदावर कन्नडात ठळक लिहून न्या आणि छापण्याआधी स्क्रीनवर वाचून घ्या.

कागद लिहिलात की आधी फोटो पाठवा, शेपटी आणि काना मी तपासते.

तुमची,
धाकटी