स्वान्सीच्या ताईला, जाहीर थँक्यू

ताई,

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं थँक्यू टाकून माझं समाधान होईना म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. तू आईच्या मैत्रिणीची मुलगी, एवढीच आपली ओळख, आणि तरी नाइट ड्युटी संपवून न झोपता तू मला वेल्समधल्या तुझ्या स्वान्सीचा ब्रँग्विन हॉल दाखवायला आलीस.

चित्रकार फ्रँक ब्रँग्विनने रंगवलेली ती १६ अवाढव्य पॅनल्स बघून मी गप्पच झालो. हाउस ऑफ लॉर्ड्ससाठी केलेली, त्यांनी १९३० ला नाकारली, स्वान्सीने घेतली. ब्रँग्विन जन्मला बेल्जियममधल्या ब्रूजला पण आई वेल्समधल्या ब्रेकनची, हे सांगता सांगता तू म्हणालीस की याची चित्रं एक जपानी माणूस लाकडात कोरायचा, तू वुडकट (लाकडात कोरून छापलेली चित्रं) करतोस ना, मग ते बघितल्याशिवाय परत जायचं नाही. ब्रिटिश म्युझियमच्या स्टडी रूमची अपॉइंटमेंट पण तूच घेतलीस आणि वर लंडनपर्यंत सोबत आलीस!

तो जपानी माणूस म्हणजे उरुशिबारा योशिजिरो. १९१० च्या जपान-ब्रिटिश प्रदर्शनासाठी लंडनला आला आणि तीसेक वर्षं तिथेच राहिला. ब्रँग्विन चित्र काढणार, हा कोरणार आणि छापणार, १९२४ ला दोघांचा दहा वुडकट्सचा संचही निघाला. ब्रँग्विनची रेघ दणकट, रांगडी, पण त्याभोवतीचा अंधार मात्र उरुशिबाराचा, पाण्याच्या रंगात हळूहळू विरत जाणारा.

आणि मग तू तिथल्या बाईंना विचारलंस, प्रिंटची मागची बाजू बघता येईल का? मला हे सुचलंच नसतं गं. मागे बारेन (छापताना कागदाच्या पाठीवर घासायची जपानी चकती) घासल्याच्या गोल गोल खुणा, आणि निळा रंग पार मागपर्यंत मुरलेला. म्हणजे छापताना कागद आतून सारखा ओलसर होता. चार वर्षं माझे रंग एकमेकांवरून सरकत होते, मी रोलर बदलले, शाई बदलली, आणि कागद मात्र वरवर ओला करून लगेच छापायला घ्यायचो, तो मधेच वाळून आकसायचा आणि पुढचा रंग जागेवर बसायचा नाही.

आता कागद रात्रभर ओल्या फडक्यात दाबून ठेवतो. पाच लाकडी ब्लॉकची पहिली नीट जुळलेली प्रिंट तुला पोस्टाने पाठवलीय, फ्रेम करायच्या आधी मागून बघ.